पाकिटावरची बाई

पितरपाठात नव्या कामाला हात घालायचा नाही, हे गव्हाण्यांच्या घरात लहानथोरांना पाठ होतं. पण मुंबईच्या कचेरीला पितरं नसतात. मसाल्याच्या नावाची आणि चित्राची नोंदणी हवी असेल तर आमच्या प्रश्नाचं उत्तर महिन्याच्या आत द्या, असं तिथून पत्र आलं होतं, आणि तो महिना परवा, बुधवारी, संपत होता. आज सोमवार होता आणि अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांना जेवू घालायचा दिवस. थोरल्या सुलक्षणेचा म्हाळ आणि ‘सुलक्षणा मसाले’ या नावासाठी करायच्या सह्या, दोन्ही एकाच दिवशी येऊन पडलं होतं. याला योग म्हणावं की भोग, हे तुळजाआत्यांनाही सांगता आलं नसतं, आणि त्यांना सहसा सगळं सांगता येतं.

स्वयंपाकघरात धाकटी सुलक्षणा सकाळपासून उभी होती. खीर, कढी, वडे, अळूवड्या, गवार-भोपळ्याची भाजी. सवतीचा स्वयंपाक करताना हात आखडला असं कुणी म्हणू नये म्हणून ती खिरीत तूप जरा सढळच सोडायची. अठरा वर्षं ती हे करत आली होती. देव्हाऱ्यात थोरलीचा चांदीचा टाक होता. तो ती रोज आंघोळ झाल्यावर स्वतःच्या हाताने धुवायची, पुसायची, त्याला कुंकू लावायची. मेलेली सवत भांडत नाही हे खरं, पण ती रुसून माहेरीही जात नाही.

दोघींचं नाव एकच कसं, याचं शिरूरात नव्याने आलेल्या माणसाला नवल वाटायचं. जुन्यांना ठाऊक होतं. थोरली सुलक्षणा केंदूरची. नवऱ्याच्या मागे लागून तिने मिरची कांडायचा डंक घ्यायला लावला, स्वतः मसाला करून विकायला लागली, पत्र्याच्या पाटीवर तिचं नाव आलं, आणि धंद्याने जरा अंग धरलं तोच चार दिवसांच्या तापाने ती गेली. सत्यजीत तेव्हा नऊ वर्षांचा होता, राजनंदिनी, घरच्यांची नंदा, सहाची. वर्षभरात पोपटरावांचं दुसरं लग्न झालं. मुलगी कवठे येमाईची, नाव सारिका.

लग्नात नवरीचं नाव बदलायचं तर ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहितात. पोपटरावांनी अंगठी हातात घेतली आणि थोरल्या बहिणीकडे, तुळजाआत्यांकडे पाहिलं. आत्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. पाटीवर सुलक्षणा, पावतीवर सुलक्षणा, गिऱ्हाईक येतं ते सुलक्षणाबाई आहेत का असं विचारत. मग दुसरं नाव कशाला? शिवाय गेलेलीचं नाव चालवलं तर ती नवीच्या वाटेला जात नाही, घराला छळत नाही. आत्या म्हणाल्या, “त्येच लिव्ह.” पोपटरावांनी तेच लिहिलं. मांडवात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तेवीस वर्षांच्या सारिकेला वाटलं, पण नवरीला कोण विचारतं.

तिचे वडील होते तोवर ते तिला ‘सारे’ म्हणायचे. ते गेल्यावर त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. भाऊ ताई म्हणायचा, नवरा अगं म्हणायचा, मुलं मावशी म्हणायची. तिला स्वतःचं मूल झालं नाही.

गेल्या आठवड्यात सत्यजीत सहज बोलल्यासारखा बोलून गेला होता, मावशी, एका कागदावर तुमची सही लागेल, आधार कार्डावर सुलक्षणाच आहे तेव्हा काम सोपं आहे. ती ‘बरं’ म्हणाली आणि आत गेली. पण तेव्हापासून तिचं मन त्या कागदाभोवती फिरत होतं. अठरा उन्हाळे तिने मिरची निवडली होती, खोकून खोकून छाती दुखवून घेतली होती. आज पाकिटात जो मसाला जातो त्याचं प्रमाण तिच्या हाताने ठरलेलं होतं. धंद्याच्या एकाही कागदावर ती नव्हती. या एका कागदावर ती असणार होती, आणि त्याची ती वाट बघत होती, हे तिने स्वतःशीही नीट कबूल केलं नव्हतं.

*

सत्यजीत सकाळीच ईश्वर पेंटरच्या दुकानात जाऊन बसला होता.

हे नोंदणीचं लचांड त्याने हौसेने अंगावर घेतलं नव्हतं. गेल्या वर्षी दौंडच्या बाजारात यांच्यासारखंच लाल पाकीट आलं. नाव मिळतंजुळतं, वर पदर घेतलेली बाई. तुमचा मसाला पहिल्यासारखा राहिला नाही, अशी तक्रार तीन दुकानदारांनी केली, आणि तो मसाला यांचा नव्हताच. तेव्हा त्याने शिरूरच्या कोर्टासमोर बसणाऱ्या तेजश्री वकिलांना गाठलं आणि ट्रेडमार्कचा अर्ज टाकला. त्यावर कचेरीने विचारलं, हे नाव आणि हे चित्र कुणा खऱ्या बाईचं आहे का? असेल तर ती हयात आहे की गेली? तेजश्रीने दोन कागद तयार केले. बाई हयात नसेल तर वारसांची संमती, असेल तर तिची स्वतःची. “कुठला भरायचा ते तुम्ही ठरवा,” ती म्हणाली होती. “आणि खरं असेल तोच भरा. प्रतिज्ञापत्र आहे.” आईला जाऊन वीस वर्षं झाली असती तर बहुधा विचारलंही नसतं, असंही तिने सांगितलं. झाली होती एकोणीस.

चित्र ज्याने काढलं त्याचंही पत्र लागणार होतं, चित्रावर माझा हक्क नाही म्हणून. ईश्वर सही द्यायला एका पायावर तयार होता. पण जुन्या कामाचं कौतुक दाखवल्याशिवाय तो सोडतो कुठला. त्याने माळ्यावरून बाड काढलं, धूळ झटकली आणि त्यातून एक फोटो पुढे केला.

“ह्या फोटूवरनं काढलं बघ. तुझी आई काय बसली व्हती, जरा हलली न्हाई.”

फोटोत एक बाई बाजूने दिसत होती. मांडीवर चाळणी, डोक्यावरून पदर, नाकात नथ, खाली झुकलेली नजर आणि ओठांच्या कडेला अगदी थोडं हसू. ती मावशी होती. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पाकीट, मे २०१२’. त्या वेळी आईला जाऊन सहा वर्षं होत आली होती.

ईश्वरच्या लेखी काहीच चुकलेलं नव्हतं. त्याच्यासाठी सुलक्षणाबाई म्हणजे सुलक्षणाबाई. सत्यजीतने फोटो शर्टाच्या खिशात घातला आणि मोटारसायकलवर किल्ली न लावता तो बराच वेळ बसून राहिला. त्या चित्राची लाखभर पाकिटं त्याच्या हातातून गेली असतील. दर वेळी ही आपली आई असं त्याने धरलं होतं. त्याला स्वतःला फारसं वाईट वाटलं नाही, याचंच त्याला वाईट वाटलं. मग त्याला राजनंदिनीची आठवण झाली आणि त्याने किल्ली लावली.

घरी आल्यावर तो आधी मागच्या शेडात गेला. म्हाळाचा दिवस म्हणून डंक बंद होता, आणि पोपटराव उगाच त्याचा पट्टा तपासत उभे होते. फोटो पाहिल्यावर त्यांनी स्वच्छच असलेले हात फडक्याला पुसले.

“पाटीवरचं थोरलीचं चित्र पार उडालं व्हतं,” ते म्हणाले. “ईश्वर म्हणला, भिताडावरच्या फोटूवरनं जमायचं न्हाई, म्होरं बाई बसवा. हिला बसवली. नथ थोरलीची घातली.”

“आन् आम्हाला आईचं चित्र म्हणून सांगितलं?”

“मी व्हऊन न्हाई सांगितलं. नंदा सुट्टीला आली व्हती. वसतिगृहात रडून रडून नुसती काडी झालेली. पाकीट हातात घेतलं आन् म्हणली, आप्पा, ही आई हाय ना? मी व्हय म्हणलो.” ते थांबले. “पाकिटाचा मुका घेतला रं तिनं. मग कुठल्या तोंडानं सांगू?”

बापाने एकदा ‘व्हय’ म्हटलं आणि त्यावर तेरा वर्षं गेली. आता पोपटरावांचं म्हणणं एवढंच होतं की वारसांचा कागद भरावा, थोरलीचं चित्र म्हणून तिघांनी सह्या कराव्यात, नंदाच्या मनासारखं होऊ द्यावं. सत्यजीत म्हणाला, हे खोटं आहे. पोपटराव म्हणाले, तेरा वर्षं खोटंच चाललंय. आणि मावशी? ती तर सहीची वाट बघत असेल, सत्यजीत म्हणाला.

“तिचं काय,” पोपटराव म्हणाले. “ती कवा काय बोलली का?”

हे खरं होतं. सत्यजीतने होकाराची मान हलवली. वाईट माणसं नव्हती ती दोघं. गप्प बसणाऱ्या माणसाच्या जिवावर निभावून न्यायची त्यांना सवय लागली होती, इतकंच.

*

राजनंदिनी दौंडहून सकाळच्या एसटीने आली ती भांडायच्या तयारीने. फोनवर सत्यजीत म्हणाला होता की मावशींची एक सही घेतली की झालं, आणि तेव्हापासून तिचं डोकं फिरलं होतं. नवरा हृतिक रेल्वेत, स्वभावाने गार. एका सहीवरून एवढं काय, असं तो म्हणाला, तर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. आईची साडी गेली, भांडी गेली, खोली गेली, नावसुद्धा दुसऱ्या बाईच्या अंगावर चढलं. आता कागदावरही तीच सुलक्षणा, म्हणजे आई कधी नव्हतीच म्हणायची.

तिच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये एक कागदाचा तुकडा होता. सातवीत असताना पाकिटावरून कापलेला, कडा झिजून मऊ पडलेला. आईचा चेहरा आपल्याला आठवत नाही, हे तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आईचा भाजलेल्या धण्यांचा वास आठवायचा, बांगड्या आठवायच्या, चेहरा नाही. भिंतीवरच्या फोटोतली आई कॅमेऱ्याला भ्यायलेली, अनोळखी मुलगी वाटायची. पाकिटावरची आई मात्र काम करता करता हसत होती, आणि आता मान वळवून बोलेल असं वाटायचं. राजनंदिनीने तिला आवाज दिला, बोलणं दिलं, तिच्याशी भांडली, दहावीचा निकाल आधी तिला सांगितला. लग्नात अंतरपाटापलीकडे उभी असताना तो तुकडा तिच्या पोलक्यात होता.

मावशी वाईट असती तर सोपं झालं असतं. पण मावशीने डबे दिले, वेण्या घातल्या, अभ्यासाला बसवलं. एकच गोष्ट राजनंदिनीच्या मनातून गेली नाही. बाहेरून कुणी ‘ओ सुलक्षणाबाई’ म्हणून हाक मारली की सात वर्षांची ती धावत ओटीवर यायची, आणि आतून ‘ओ’ देत मावशी यायची. असं किती वेळा झालं असेल. यात मावशीचा दोष नव्हता. पण त्या वयात दोष कुणाला तरी द्यावाच लागतो, आणि एकदा दिला की पुढे परत घ्यायचं राहून जातं. ती मावशीला अजून अहो-जाहो करायची.

*

शेजारची सवाष्ण जेवून, ओटी घेऊन गेली. पंगत उठली. बाहेरच्या खोलीत पोपटराव, तुळजाआत्या, सत्यजीत आणि राजनंदिनी बसले, आणि राजनंदिनीने पदर खोचावा तसा आवाज लावायच्या आतच सत्यजीतने फायलीतून वारसांच्या संमतीचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तुझं बरोबर आहे, तो म्हणाला, नाव आईचं आहे, चित्र आईचं आहे, सह्या आपल्या तिघांच्या. हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

राजनंदिनीला वाटलं होतं दुपारभर झुंजावं लागेल. तिचे डोळे एकदम भरून आले. तुळजाआत्यांनी पोराची पाठ थोपटली आणि पितरपाठाचा अडथळाही सोडवून टाकला. काम गेलेलीच्याच नावाचं, दिवस तिचाच, तेव्हा यात दोष लागत नाही. मोठ्या माणसांना शास्त्र असं वेळेवर सापडतं. दारात धाकटी सुलक्षणा उष्टी ताटं गोळा करत होती. आपल्याला बोलावतील म्हणून तिने हात आधीच धुऊन पदराला पुसले होते, आणि कुणी बोलावलं नाही तेव्हा ती ताटं उचलायला लागली होती.

“मोठ्यानं वाच,” आत्या म्हणाल्या. “त्या माउलीला बी ऐकू जाऊ दे.”

राजनंदिनी वाचायला लागली. कचेरीची मराठी, अडखळत. “सदर नाव व चित्र हे आमच्या मयत पत्नी व मातोश्री कैलासवासी सुलक्षणा पोपटराव गव्हाणे यांचे असून, त्याचा अन्य कोणत्याही हयात व्यक्तीशी काहीएक संबंध नाही.”

धाकटीने ताटं खाली ठेवली.

तिला राग आला नव्हता. तिला तो मे महिना आठवला. ईश्वरने तिला स्टुलावर बसवलं होतं, मांडीवर चाळणी दिली होती, आणि म्हणाला होता, वहिनी, जरा हसा की. त्या घरात आल्यापासून तिला हस म्हणणारा तो पहिला माणूस. ती हसली होती. नथ थोरलीची होती, नाव थोरलीचं होतं, पण हसू तिचं होतं. काहीएक संबंध नाही, असं आता त्यावर शिक्का बसणार होता.

“नंदा,” ती म्हणाली, “ते चित्र माझं हाय.”

राजनंदिनीला आधी अर्थच लागला नाही. तुमचं म्हणजे काय, तिने विचारलं, धंद्यातला हिस्सा म्हणताय का. तेवढ्यात पोपटराव खालच्या आवाजात म्हणाले, “अगं, र्‍हाऊ दे की आता.” ते असं म्हणाले नसते तर कदाचित निभावून गेलं असतं. राजनंदिनीने बापाकडे पाहिलं, मग भावाकडे. सत्यजीतने खिशातून फोटो काढला आणि कागदावर ठेवला. त्याला वाटलं होतं, आपण हा जाळून टाकू. पण खिशात हात गेला तो बाहेर काढायलाच.

तिने फोटो बराच वेळ पाहिला. मग मोबाईलचं कव्हर उघडून तो मऊ तुकडा काढला आणि शेजारी ठेवला. तोच खाली झुकलेला डोळा, तीच कानामागून सुटलेली बट, ओठांची तीच कड.

“आप्पा,” ती म्हणाली, “तुम्ही व्हय म्हणाला होता.”

तुळजाआत्यांनी, जाऊ दे पोरी, चित्रात काय असतं, असं काहीतरी सुरू केलं आणि राजनंदिनीचा चेहरा पाहून अर्ध्यावरच सोडलं. रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिने मावशीकडे मान वळवली.

“नाव घेतलंत तुम्ही. घर घेतलंत. मी कधी बोलले न्हाई. माझ्यापाशी एवढं एकच होतं.”

धाकटीच्या काळजाला घरं पडली. हाताखालून वाढवलेली पोर होती ती. तिचा हा चेहरा दिसेल हे आधी कळलं असतं तर तिने जीभ चावून धरली असती, आणखी अठरा वर्षं गप्प राहिली असती. पण तोंडातून गेलेला शब्द परत कुठे येतो. आणि एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती तिने हळूच सांगितली.

“नाव मी घेतलं न्हाई बाळा. मला दिलं.”

आत्यांनी पदराने तोंड पुसलं.

राजनंदिनीने तो वारसांचा कागद दोन बोटांनी बाजूला सारला. “दुसरा काढ,” ती सत्यजीतला म्हणाली. “खरं हाय तेच लिहा आता. मला साडेपाचची गाडी धरायचीय.”

सत्यजीतने दुसरा कागद काढला. पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर, खाली एकच जागा. त्याने तो वाचून दाखवला. मी, सौभाग्यवती सुलक्षणा पोपटराव गव्हाणे, वय एक्केचाळीस, असे लिहून देते की सदर चित्रातील स्त्री मी स्वतः आहे. त्याने पेन पुढे केलं. धाकटी खुर्चीवर बसली, आज दिवसभरात पहिल्यांदा. बँकेत, रेशनला, बचत गटात तिने शेकडो वेळा सुलक्षणा अशी सही केली होती, हात न थांबता. आज तिचा हात थांबला. चित्रातील स्त्री मी स्वतः आहे. हे वाक्य तिने पुन्हा एकदा मनात वाचलं. ह्याच्याखाली सवतीचं नाव लिहिलं तर मग ते कुणाचं चित्र होईल? आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. कागद वाया जाईल हेही ठाऊक होतं. तिने सावकाश, एकेक अक्षर जोडत, शाळेत काढायची तशी सही केली आणि पेन ठेवलं.

फायलीत घालायला म्हणून राजनंदिनीने कागद उचलला आणि ती थांबली.

“ही सारिका कोण?”

तिने सरळपणेच विचारलं होतं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. सत्यजीतनेही वाकून पाहिलं, आणि त्याच्याही तोंडावर तोच प्रश्न होता. तुळजाआत्या देव्हाऱ्याकडे बघत राहिल्या. पोपटराव उठून माठाकडे गेले आणि तांब्या न बुडवता तिथेच उभे राहिले.

“मी,” ती म्हणाली. “इथं यायच्या आधी.”

राजनंदिनी सात वर्षांची असताना ही बाई घरात आली होती. तिचे वाढदिवस, तिची आजारपणं, तिचं लग्न, सगळं हिने केलं होतं. आणि या बाईला दुसरं काही नाव असेल, हे अठरा वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिने कागद खाली ठेवला. सत्यजीत म्हणाला, आधारशी जुळणार नाही, नवा स्टॅम्प पेपर आणतो, उद्याचा दिवस हातात आहे.

“आण,” धाकटी म्हणाली. “उद्या लिवते सुलक्षणा. पर ह्यो फाडू नगंस.”

निघायची वेळ झाली. सासरी जाणाऱ्या लेकीला कुंकू लावायचं म्हणून ती करंडा घेऊन दारात आली. राजनंदिनीने कपाळ पुढे केलं, रीत म्हणून वाकली. पायरीवर जाऊन ती वळली. ‘येते मावशी’ हे शब्द ती इतकी वर्षं म्हणत आली होती, आजही ओठांवर आले होते. पण त्यातला दुसरा शब्द पुढे सरकेना. आईचं नाव त्या जागी बसत नव्हतं, आणि ते नवं कळलेलं नाव उच्चारायचा आपल्याला काही हक्क नाही असं तिला वाटलं. “येते,” ती नुसतंच म्हणाली आणि भराभर डेपोच्या रस्त्याला लागली. तिच्यासाठी बांधलेले वडे ओट्यावरच राहिले.

सारिका आत आली. फोटो सत्यजीतने फायलीला लावला होता, पण टेबलावर तो लहानसा तुकडा तसाच पडला होता. राजनंदिनी तो विसरली नव्हती, ठेवून गेली होती. सारिकेने तो उचलला. तेरा वर्षं बोटं फिरून फिरून नाकाजवळची शाई उडाली होती, नथ जवळजवळ पुसली होती. तिचं चित्र इतकं जिवापाड कुणी जपलं नव्हतं, आणि हे जपलं तेही दुसरीचं समजून.